घाटातल्या इंजिनाला जादा ऑइल कूलर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल थंड करण्यासाठी बनवलेला कूलर डिझेल इंजिनाच्या ऑइलसाठी जादा कूलर म्हणून वापरता येतो. अट एकच आहे. इंजिनाचे सगळे ऑइल त्यातून फिरवायचे नाही. मुख्य दाबाच्या वाटेतून एक बारीक धार बाजूला काढायची, ती कूलरमधून न्यायची आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत सोडायची. या एका अटीवर कामाची बाकीची सगळी रचना ठरते. ती का पाळायची हे समजले नाही, तर नीट दिसणारी जोडणीही इंजिनाला घातक ठरते.

या कामाची गरज जिथे पडते, त्याचे चांगले उदाहरण म्हणजे घोडेगाव. घोड नदीकाठचे हे गाव आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. पूर्वेला मंचर आणि पुणे-नाशिक महामार्ग. पश्चिमेला शिनोली, डिंभे धरण, त्यानंतर पोखरीचा घाट आणि वर तळेघरवरून भीमाशंकर. आहुपे आणि पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांना बाजार, दवाखाना आणि कचेरीसाठी घोडेगावला यावे लागते. जिथे एसटीच्या फेऱ्या मोजक्या, तिथे जीपच आधार. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरच्या भाविकांची गर्दी त्यात मिसळते. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, बोलेरो अशा गाड्यांनी अशा रस्त्यांवर वर्षानुवर्षे माणसे आणि माल वाहिला. त्यातल्या जुन्या इंजिनांना वेगळा ऑइल कूलर असेलच असे नाही, आणि ऑइलचे तापमान दाखवणारा काटा तर जवळजवळ कुठेच नसतो.

घाटात ऑइलचे काय होते

सपाट रस्त्यावर गाडी साठच्या वेगाने धावते तेव्हा चेंबरच्या पत्र्यावरून भरपूर वारा जातो. घाटात भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये चढते. इंजिनाचे फेरे जास्त, भार जवळजवळ पूर्ण आणि गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. उष्णता सर्वात जास्त तयार होते नेमकी तेव्हाच वारा सर्वात कमी असतो. पाण्याची काळजी रेडिएटर, पंखा आणि थर्मोस्टॅट घेतात, म्हणून डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर टिकून राहतो. ऑइल मात्र पाण्याच्या मागून तापते आणि मागूनच थंड होते. घाटमाथ्यावर पाणी ९० अंशांवर असताना ऑइल १२० च्या पुढे गेलेले असू शकते.

१५डब्ल्यू-४० दर्जाच्या ऑइलचा दाटपणा ४० अंशांना सुमारे ११० सेंटिस्टोक असतो. १०० अंशांना तो १४-१५ वर येतो आणि १३० अंशांना त्याच्याही जवळपास निम्म्यावर. क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकू न देणारा थर याच दाटपणावर उभा असतो. शिवाय ऑइल जळकट होण्याचा, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा, वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो असा कामापुरता नियम आहे. ९० अंशांवर जे ऑइल पूर्ण मुदत टिकते, ते १२० अंशांवर सतत राहिले तर मुदतीच्या बरेच आधी काळे आणि चिकट होते.

मेस्त्रीपर्यंत तक्रार पोहोचते ती वेगळ्याच शब्दांत. घाट चढून गाडी उभी केली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, थोडी रेस दिली की विझतो. ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली तर खूण सांगते की ऑइल पुरेसे आहे. पण ते पट्टीवर धरून राहत नाही, टोकावरून पाण्यासारखे ओघळते आणि त्याला करपट वास येतो. तीच पट्टी सकाळी गार इंजिनातून काढली की ऑइल तिच्यावर जाडसर बसलेले दिसते. ऑइल तेच असते, त्याचा दाटपणा तेवढा तापमानाने पार बदललेला असतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की दाटपणाचे आकडे कोरडे राहत नाहीत.

कूलरच्या आधी तपासणी

कमी दाब आणि गरम ऑइल या दोन गोष्टी एकत्र दिसतात, पण त्यांचे कारण नेहमी एकच नसते. बेअरिंग झिजली असतील तर गार ऑइललाही दाब कमीच मिळतो. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह अडकला, ऑइल चुकीच्या दर्जाचे भरले किंवा डिझेल मिसळून ते पातळ झाले, तरी दिवा लागतो. रेडिएटरच्या नळ्या गाळाने अर्ध्या बुजल्या, पंख्याचा पट्टा सैल पडला, थर्मोस्टॅट नीट उघडत नाही किंवा डिझेल पंपाचे टायमिंग हलले, तरी इंजिन गरजेपेक्षा जास्त तापते. यातला एकही दोष जादा कूलरने बरा होत नाही. तो फक्त काही महिने झाकला जातो आणि मग मोठे काम अंगावर येते.

म्हणून आधी मोजमाप. दिव्याच्या स्विचच्या जागी काट्याचे प्रेशर गेज लावून गार आणि गरम अशा दोन्ही वेळचा दाब लिहून ठेवायचा. गरम इंजिनाला आयडलवर एक बारच्या आसपास आणि त्यापुढे दर हजार फेऱ्यांमागे साधारण पाऊण बार दाब मिळत असेल, तर बेअरिंग आणि पंप बहुधा ठीक आहेत. तापमानासाठी पट्टीच्या नळीतून ऑइलपर्यंत सोडलेली थर्मोकपलची तार सर्वात खात्रीची. ती चालत्या भागांना लागणार नाही एवढी लांबी पट्टीवरच मोजून घ्यावी. इन्फ्रारेड थर्मामीटर चेंबरच्या पत्र्याचे तापमान दाखवतो आणि ते आतल्या ऑइलपेक्षा कमी असते. तरीही आधी आणि नंतरची तुलना करायला तो उपयोगी पडतो. डिंभ्याहून निघून घाटमाथ्यावर थांबल्यावर नेहमीच्या भारासह घेतलेला आकडा हाच पुढच्या सगळ्या कामाचा पाया असतो. तो ११० च्या आत असेल तर कूलर बसवण्याचे कारणच उरत नाही.

ट्रान्समिशन कूलरची ताकद आणि मर्यादा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर ऑइल घुसळून ताकद पुढे देतो. त्या घुसळण्यात बरीच उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर काढण्यासाठी कूलर असतो. काही गाड्यांत तो रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. तो या कामाचा नाही. कामाचा तो वाऱ्याने थंड होणारा, सुटा, ॲल्युमिनियमचा. अमेरिकेत जड ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना असे जादा कूलर लावण्याची पद्धत जुनी आहे, आणि तोच कूलर इंजिनाच्या ऑइलसाठी वळवण्याची युक्तीही तिथल्या हौशी मेस्त्रींना परिचयाची आहे. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या तसे अपघातात मोडलेल्या गाड्यांचे कूलर मुंबईत कुर्ल्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या जुन्या मालाच्या बाजारात येऊ लागले. आकार लहान, वजन हलके आणि किंमत परवडणारी, त्यामुळे हात त्याच्याकडे वळतो.

दिसायला हा कूलर आणि इंजिनाचा खास ऑइल कूलर सारखेच. फरक आत आहे. गिअरबॉक्सचे ऑइल पातळ असते. १०० अंशांना त्याचा दाटपणा सातच्या आसपास, म्हणजे इंजिन ऑइलच्या निम्मा. कूलरमधून ते मिनिटाला काही लिटरच वाहते, म्हणून नळ्यांची तोंडे ८ ते १० मिलिमीटरची असतात. इंजिनाचा ऑइल पंप मात्र फेरे वाढले की मिनिटाला २०-३० लिटर किंवा त्याहून जास्त ऑइल ढकलतो. तेवढे दाट ऑइल या बारीक वाटेतून नेले तर दाबाचा मोठा भाग कूलरमध्येच खर्च होतो आणि बेअरिंगपर्यंत उरलेला दाब पोहोचतो. थंडीतल्या सकाळी गाडी चालू करताना ऑइलचा दाब ५ ते ७ बारपर्यंत चढतो. गिअरबॉक्सच्या कूलरच्या वाटेत एरवी इतका दाब नसतो, आणि नुसत्या क्लिपने आवळलेला रबरी पाइप तो सहन करत नाही.

बाजूच्या धारेची रचना या तिन्ही अडचणींना उत्तर देते. कूलरकडे जाणाऱ्या वाटेच्या अगदी तोंडाशी २ मिलिमीटरचे छिद्र असलेली पितळी गुटी बसवायची. ३ बार दाबाला त्या छिद्रातून मिनिटाला साधारण तीन लिटर ऑइल जाते, म्हणजे ट्रान्समिशन कूलर ज्या प्रवाहासाठी बनला जवळपास तेवढेच. परतीची वाट चेंबरमध्ये मोकळी सुटते, त्यामुळे दाब प्रामुख्याने छिद्रावरच उतरतो आणि कूलरवर, पाइपांवर थोडाच येतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कूलर किंवा छिद्र बुजले तर फक्त जादा थंडावा थांबतो. बेअरिंगचे ऑइल थांबत नाही. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये सँडविच प्लेट लावून सगळे ऑइल या कूलरमधून नेले आणि कूलर बुजला, तर इंजिन जाते. एकाच वस्तूची एक जोडणी बिघडली तरी इंजिनाला सांभाळते आणि दुसरी बिघडली की इंजिन बसवते. निवड करायची ती इथे.

थोडक्या धारेने काय साधणार, हा प्रश्न रास्त आहे. मिनिटाला ३ लिटर म्हणजे सुमारे अडीच किलो ऑइल. ते कूलरमध्ये २० अंशांनी उतरले तर पावणेदोन किलोवॅट उष्णता बाहेर जाते. ४५ किलोवॅटचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर ऑइलमध्ये ढोबळमानाने पाच ते सात किलोवॅट टाकते. म्हणजे चौथा ते तिसरा हिस्सा या धारेतून निघतो. ऑइल बर्फासारखे गार करायचे नसून घाटातली शेवटची वाढ अडवायची असते. तेवढ्याला हे पुरते.

जुना कूलर साफ करणे

कूलर ज्या गाडीतून काढला तिचा गिअरबॉक्स कसा होता, हे सर्वात आधी विचारावे. क्लच प्लेट जळालेल्या गिअरबॉक्सचा कूलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. प्लेटची काजळी आणि धातूचा कीस त्याच्या पोटातल्या अरुंद घड्यांमध्ये अडकून बसतो, आणि धुऊन तो पूर्ण निघाल्याची खात्री कुणालाही देता येत नाही. अपघातातल्या गाडीचा, मूळ ऑइल अजून लालसर असलेला कूलर सर्वात चांगला.

धुण्याचे काम घाईचे नाही. कूलरमध्ये डिझेल भरून, दोन्ही तोंडे बंद करून तो हलवायचा आणि उलट्या दिशेने पांढऱ्या फडक्यावर रिता करायचा. आधी लाल-तपकिरी डाग पडतात, मग राखाडी छटा येते. फडके उन्हात धरून तिरपे केले तर धातूचा कीस असेल तिथे बारीक चमक दिसते. अशी चमक एकदाही दिसली तर कूलर बाजूला ठेवावा. डाग पूर्ण स्वच्छ येईपर्यंत दिशा बदलत धुवायचे, मग हलक्या हवेने वाळवायचे. त्यानंतर दाबाची परीक्षा. कूलरमध्ये पाणी किंवा ऑइल ठासून भरून हातपंपाने ७ बार दाब द्यायचा आणि काटा हलतो का ते पाहायचे. नुसत्या हवेने एवढा दाब देणे टाळावे. हवा दाबली जाते आणि सांधा सुटला तर तुकडा गोळीसारखा उडतो. पाणी वापरले असेल तर कूलर पुन्हा पूर्ण वाळवल्याशिवाय गाडीला लावू नये.

जोडणी

ऑइल घ्यायची जागा म्हणजे दाबाच्या स्विचचे छिद्र. फिल्टरमधून गाळलेले ऑइल तिथे मिळते, म्हणून २ मिलिमीटरची गुटीही सहसा चोंदत नाही. स्विच आणि कूलरची वाट यांच्यासाठी तिथे टी लागते. जड टी थेट इंजिनाच्या त्या बारीक आट्यांवर लोंबकळत ठेवली तर थरथरीने मान तुटते. म्हणून इंजिनातून छोटा निप्पल आणि आखूड पाइप काढावा आणि टी पट्टीने बॉडीला पक्की करावी. मात्र स्विच गुटीच्या पलीकडे गेला तर तो दाब कमीच दाखवेल. त्यामुळे गुटी टीच्या पुढे, कूलरकडे जाणाऱ्या निप्पलमध्ये बसवायची. स्विचची वाट गुटीच्या आधी आणि कूलरची वाट गुटीच्या नंतर, एवढी काळजी लेथवर निप्पल बनवतानाच घ्यायची.

तांब्याची नळी स्वस्त आणि वळवायला सोपी, पण इंजिनाच्या कंपनांनी ती कडक होत जाते आणि एक दिवस चिरते. दोन्ही टोके प्रेस केलेला पाइपच वापरावा. ट्रॅक्टर आणि जेसीबीमुळे असे पाइप करून देणारी दुकाने बाजाराच्या गावांत सापडतात. अशा पाइपात दाबाची चिंता नसते. नेहमीचा अर्ध्या इंचाचा हायड्रॉलिक पाइपही शंभर बारच्या वरचा असतो. चिंता तापमानाची. नेहमीच्या पाइपाची मर्यादा बहुधा १०० अंश असते आणि इथे ऑइल १२० चे येणार. म्हणून पाइपावर छापलेली तापमानाची मर्यादा वाचून जास्त अंशांचा पाइप मागून घ्यावा. सायलेन्सरपासून तो हातभर लांब राहील आणि स्टिअरिंगच्या कुठल्याही वळणावर घासणार नाही अशी वाट शोधावी.

परतीची नळी चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडते आणि ती येणाऱ्या नळीपेक्षा जाड असते. त्यासाठी चेंबर उतरवून, पूर्ण धुऊन मगच त्याला नळीचे तोंड जोडावे लागते. इंजिनावर असलेल्या चेंबरला वेल्डिंग लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.

कूलरची जागा रेडिएटरच्या पुढे, पण पूर्ण त्याच्या आड नको. रेडिएटरचा मोठा भाग झाकला तर ऑइल वाचवताना पाणी तापते. खालच्या कोपऱ्यात, जाळीच्या मागे, दगड लागणार नाही अशा उंचीवर तो बसतो. रबरी बुशांवर चार कोपऱ्यांनी पकडावा. पत्र्यांतून आरपार घातलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या महिन्याभरात नळीला घासून भोक पाडू शकतात. दोन्ही तोंडे वरच्या बाजूला ठेवली की गाडी उभी असताना कूलर रिकामा होत नाही आणि सकाळी पट्टीवर खोटी जास्त पातळी दिसत नाही.

पहिली सुरुवात आणि परीक्षा

कूलर आणि पाइप आधीच ऑइलने भरून घ्यायचे. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवायचे. प्रेशर गेजचा काटा उठल्याशिवाय इंजिन चालू करायचे नाही. चालू झाल्यावर आयडलवर प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरायचा. ओल डोळ्याला दिसण्याआधी कागदावर उमटते. इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू द्यायचे, मग पट्टी पाहून कमी पडलेले भरायचे. साधारण अर्धा लिटर जादा लागते आणि पुढच्या प्रत्येक ऑइल बदलात ते धरावे लागते.

त्यानंतर तोच घाट, तेवढाच भार आणि तोच गिअर. ऑइल दहा अंशांनी जरी उतरले तरी बिघडण्याचा वेग निम्म्यावर येतो आणि बेअरिंगला दाट थर मिळतो. पण गरम आयडलचा दाब आधीपेक्षा किती घटला, हेही त्याच दिवशी पाहायचे. ही धार पंपाच्या ऑइलमधूनच जाते. झिजलेल्या इंजिनात आयडलला तिचा भार जाणवतो. दाब एक बारच्या बराच खाली आला तर गुटी दीड मिलिमीटरची करावी, आणि तरीही सुधारला नाही तर या इंजिनाला कूलर नको, बेअरिंग हवी आहेत असे मालकाला स्पष्ट सांगावे.

एक धोका या रचनेतही उरतो. पाइप फुटला तर २ मिलिमीटरच्या छिद्रातूनही मिनिटाला तीन लिटर ऑइल बाहेर पडते. पाच-सहा लिटरच्या चेंबरला ते एक-दोन मिनिटांत रिते करील. म्हणून दाबाचा दिवा चालू अवस्थेत असणे आणि तो लागताच तिथल्या तिथे इंजिन बंद करण्याची चालकाची सवय हा या जोडणीचाच भाग आहे.

ऋतूप्रमाणे देखभाल

भीमाशंकरच्या पावसात वारा गार आणि रस्ता चिखलाचा. लाल माती कूलरच्या पत्र्यांत भरते आणि वाळली की वारा अडतो. हलक्या धारेने, मागच्या बाजूने पुढे धुणे हाच उपाय. जोराच्या फवाऱ्याने पत्रे आडवे होतात. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलटी अडचण येते. ऑइल गरजेपुरते तापतच नाही आणि त्यात ओल, कच्चे डिझेल साठून राहते. ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट वाटेत बसवणे उत्तम. तो न मिळाल्यास कूलरपुढे पत्र्याचे झाकण लावावे आणि उन्हाळ्यात काढावे. पाइप कडक झाले, फुगले किंवा प्रेस केलेल्या टोकाशी ओल दिसली की बदलावेत.

हे काम कुठे करू नये

हमीच्या मुदतीतली गाडी, किंवा पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर कंपनीकडूनच बसवलेले नवे टर्बो इंजिन, यांना हात लावू नये. तिथे ऑइल तापत असेल तर मूळ कूलर बुजला आहे का ते आधी पाहावे. पारगावच्या भीमाशंकर साखर कारखान्याकडे दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखी, तासन् तास पूर्ण भारावर चालणारी यंत्रे या लहान कूलरच्या आवाक्याबाहेरची आहेत. पाचटाच्या धुळीने तो दिवसभरात बुजेल ते वेगळेच. अशा यंत्राला रुंद तोंडाचा, इंजिन ऑइलसाठीच बनवलेला कूलर आणि थर्मोस्टॅटची सँडविच प्लेट लागते. रोज पूर्ण भाराने घाट चढणाऱ्या जीपलाही, मालकाला परवडत असेल तर, तोच सल्ला द्यावा.

जुन्या इंजिनाची, मोजून पाहिलेल्या उष्णतेची आणि बेअरिंग ठणठणीत असलेली गाडी मात्र या जादा कूलरने पुढची अनेक वर्षे घाट चढू शकते. बसवल्याची तारीख, गुटीचे माप, आधीचा आणि नंतरचा दाब व तापमान, पाइप कोणत्या अंशांचा आणि जादा ऑइल किती, एवढे गाडीच्या वहीत लिहून द्यावे. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या मेस्त्रीच्या हाती गेली, तरी ही वाट कुठून निघते, कुठे परत येते आणि तिच्याकडून किती काम अपेक्षित आहे, हे त्याला बॉनेट उघडताच कळायला हवे.